बोअरचं पाणी कुणी नासवलं

चंद्रीनं हौदात तोंड घातलं, फुर्रकन नाक उडवलं आणि मान मागं घेतली. त्याच क्षणी रंभाबाईच्या मनात मुबीनचं नाव पक्कं झालं.

उन्हातून आलेलं जनावर अख्खा हौद उपसतं. ते पाण्याकडं पाठ करून उभं राहतं म्हणजे पाण्यात काहीतरी आहे. रंभाबाईलाही दिसत होतं. मोटर चालू केली की पहिल्या धारेला पांढरट फेस यायचा, हौदाच्या कडेला बुळबुळीत थर धरायचा. वास नेमका सांगता यायचा नाही, पण ओल्या पोत्यासारखा काहीतरी. पावसाळ्याच्या तोंडाला मोठी म्हैस गाभडली होती, रेडकू मेलेलं पडलं. जनावरांचा डॉक्टर आला, त्यानं बघितलं, रोग काही दिसत नाही म्हणाला आणि फटफटीवर टांग टाकता टाकता पाणी तपासून घ्या म्हणाला. आता चंद्री गाभण होती, दिवस भरत आले होते. गोठ्यातलं सगळ्यात दुधाळ जनावर ते. तीही गाभडली तर गोठा संपला. रंभाबाई आणि तिची सून उत्कर्षा दोघी त्या गोठ्यावरच जगत होत्या. मुलगा पुण्याला कंपनीत होता, त्याचं त्यालाच पुरत नव्हतं.

डॉक्टरनं पाणी तपासायला सांगितलं. रंभाबाईनं पाणी तपासलं नाही, माणूस तपासला.

माणूस लांब नव्हता. गोठ्याच्या तारेच्या कुंपणापलीकडं मुबीनचं डाईंगचं शेड होतं. टॉवेलचं सूत रंगवून द्यायचा तो. पत्र्याच्या आत दिवसभर वाफ, आणि मागच्या नळीतून कधी जांभळं, कधी हिरवं पाणी. मुबीन काही साधुसंत नव्हता. ते पाणी सरळ मागच्या ओढ्यात जायचं, ओढ्यातल्या बाभळींची खोडं गुडघाभर जांभळी झाली होती आणि सगळ्या वस्तीला ते माहीत होतं. त्यावर कुणी कधी तोंड उघडलं नाही. वस्तीतल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी असल्या शेडांत कामाला होतं. आणि ओढा कुणाच्या बापाचा नव्हता, त्यामुळं ओढ्याचं वाटोळं झालं तरी कुणाचं काही जात नव्हतं. रंभाबाईचा बोअर मात्र रंभाबाईचा होता.

या संशयाला खतपाणी घातलं सयाजीनं. सयाजी म्हणजे वस्तीतला प्लॉटिंगवाला. ढेकळाच्या रानात चुन्याच्या रेघा मारायच्या आणि त्याला नगर म्हणायचं, हा त्याचा धंदा. येत्या निवडणुकीत उभं राहायचं म्हणून हल्ली तो दिसेल त्या म्हातारीच्या पाया पडायचा. तो गोठ्यात आला, हौदातला फेस बोटावर घेऊन मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "काकी, त्याच्या शेडात एक कोरडा बोअर हाय. ओढ्याला थोडं सोडतो, दाखवायला. बाकीचं सगळं त्या बोअरात. जमिनीच्या पोटातनं ते तुमच्याकडं येतंय."

पुढं तो मुबीनच्या जातीवर घसरला. ते काही नवीन नव्हतं. असलं बोलणं हल्ली मोबाइलवर फुकट येतं आणि माणसं ते पहाटे उठून एकमेकांना वाटतात. एरवी रंभाबाईनं ते कानाआड केलं असतं. मुबीनचा बाप बंदेनवाज हा तिच्या नवऱ्याचा जिवाभावाचा माणूस. जन्मभर बोअरच्या गाडीवर काढलेला. हा बोअरही त्यानंच पाडला होता. तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर फिरला होता आणि गोठ्याच्या कोपऱ्यावर नारळ उभा राहिला, तिथंच गाडी लावली होती. काळा पाषाण फोडून पाणी लागलं तेव्हा दोघं मित्र चिखलात नाचले होते. रंभाबाईला ते सगळं आठवलं. आणि त्याच्या जोडीला असंही आठवलं की बंदेनवाज हल्ली रस्त्यात भेटला तर पटकन नजर काढून घेतो. डोळ्यांत मोतीबिंदू होता त्याच्या, त्याला धड दिसतच नव्हतं. पण संशय घेणाऱ्याला मोतीबिंदू कुठला दिसायला?

ती कुंपणाला वळसा घालून शेडात गेली आणि तोंडावर विचारलं. मुबीन भडकला. कोरडा बोअर आहे, त्याच्यावर दगड ठेवलाय, या आणि बघा, म्हणाला. बंदेनवाजनं पोराला गप केलं आणि तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"वैनी," तो म्हणाला, "रंगाच्या पाण्यात मीठ असतंय. पोत्यानं घालतो आमी. त्याबिगर सुताला रंग धरतच न्हाय. तुमचं पाणी खारट लागतंय का?"

खारट लागत नव्हतं. रंगही नव्हता. रंभाबाईला हे कळत होतं, पण तिला वाटलं, याच्याकडं उत्तर इतकं तयार कसं? आधीच घोकून ठेवल्यासारखं? ती परत आली ती आणखी खात्री पटवूनच.

तिनं ही मिठाची गोष्ट सयाजीला सांगितली आणि सयाजीचे डोळे चमकले. मग मीठच टाकू की, म्हणाला. मुबीनच्या कोरड्या बोअरात चारचौघांसमोर मिठाची पोती रिकामी करायची, वरनं पाणी सोडायचं. काकीच्या बोअरला खारट पाणी आलं की सगळं उघडं पडलं. निरोप गेला. मुबीन नको म्हणत होता, पण बंदेनवाजनं वस्तीसमोर शब्द दिला की खारट पाणी आलं तर शेडाला आपण आपल्या हातानं कुलूप घालू. रविवार ठरला. शनिवारी सकाळीच सयाजीच्या टेम्पोनं जाड्या मिठाची पोती रंभाबाईच्या गोठ्यात उतरवली. मुबीनच्या दारात ठेवली तर तो अदलाबदल करील, म्हणून.

आणि तिथं म्हैस आडवी आली.

गाभण म्हशीला मीठ दिसल्यावर ती थांबते काय? दुपारी रंभाबाई जरा कलंडली होती, तेवढ्यात चंद्रीनं दावं ताणून शेवटचं पोतं दातानं फाडलं. मीठ गोठ्यात फरशीभर पसरलं. रंभाबाईनं चंद्रीच्या पाठीवर दोन रट्टे दिले, हातानं गोळा होईल तेवढं मीठ पोत्यात भरलं, आणि शेण-मुतात कालवलेलं उरलेलं मीठ पाइप लावून नेहमीसारखं धुऊन काढलं. रोज गोठा धुवायचा तसाच धुतला. पाणी उतारानं गेलं.

संध्याकाळी धारा काढायच्या आधी तिनं मोटरच्या तोंडाशी चूळ भरली आणि थू करून थुंकली. खारट.

पहिला संशय अर्थातच मुबीनवर गेला. परीक्षेला भिऊन आजच काहीतरी सोडलं मेल्यानं. मग वाटलं, परीक्षेला भिणारा माणूस मीठ कशाला सोडील? ती तशीच उभी राहिली. गोठ्यातनं अजून थोडं पाणी वाहत होतं आणि ते कुठं जातंय हे तिला बघायचं नव्हतं. रोज बघत होती, पण आज बघायचं नव्हतं. शेवटी बघितलं.

पाणी जात होतं बोअरच्या खड्ड्यात.

तो खड्डा म्हणजे सरकारी पुण्यकर्म. दोन-तीन वर्षांमागं बोअर पुनर्भरणाची मोहीम आली होती. पावसाचं पाणी बोअरात मुरवा, भूजल वाचवा. ठेकेदारानं बोअरभोवती खड्डा खणला, केसिंगच्या पाइपला भोकं पाडली, जाळी गुंडाळली, खाली दगड, वर खडी, वर वाळू भरली. पत्र्यावरचं पावसाचं पाणी पन्हळीनं त्यात आणायचं होतं. पन्हळ कधी आलीच नाही. साहेब आले, नारळ फुटला, रंभाबाईच्या गळ्यात हार पडला, फोटो निघाला, पाटी लागली, गाडीच्या मागं धुरळा उडाला. सगळा उतार त्या कोपऱ्याकडं होता, म्हणून गोठ्याचं पाणी आपोआप खड्ड्याकडं वळलं. रंभाबाईला ते बरंच वाटलं होतं. पाणी वाया जात नाही, जमिनीत मुरतंय. आणि जमिनीत गेलं की सगळं शुद्ध होतं, अशी तिची पक्की समजूत. शेण जातं, मूत जातं, माणूसही जातो, जमीन सगळं पोटात घेते आणि वर हिरवं काढते. पण इथं माती नव्हतीच. इथं होतं भोकं पाडलेलं केसिंग. म्हशीचं मूत वाळूतनं गाळून सरळ बोअरात, बोअरातनं मोटरनं हौदात, हौदातनं म्हशीच्या पोटात. रंभाबाईच आपल्या जनावरांना त्यांचंच मूत पाजत होती. हार घालून घेऊन पाजत होती.

ती खड्ड्याशी उकिडवी बसली. वाळूवर काळपट साय धरली होती आणि तिच्यातनं बुडबुडे येत होते. मोटरला येतो तोच फेस.

उत्कर्षा दूध घालून स्कूटीवरनं आली तेव्हा सासूनं तिला सगळं सांगितलं. उत्कर्षा हुशार पोरगी. तिनं पाणी जिभेवर घेतलं, खड्डा बघितला आणि आधी आजूबाजूला कुणी ऐकतंय का ते बघितलं. शहरातल्या जुळे सोलापूर भागातल्या फ्लॅटवाल्या बायका दुधाच्या कॅनचं झाकण उघडून वास घेतात, म्हणाली. कॅन याच पाण्यानं धुतो आपण. मुताचं पाणी बोअरात जातं असं कळलं तर उद्यापासून एकही दार उघडणार नाही.

"आत्या, उद्या गप बसा," ती म्हणाली. "चंद्रीला टँकरचं पाणी पाजू. खड्डा नंतर गुपचूप बुजवू. मुबीनचं काय, त्याला दुसरीकडं काम मिळंल. आपल्याला मिळंल का?"

रंभाबाईच्या मनात हिशोब चालला होता, आणि तो हिशोब उत्कर्षाच्याच बाजूनं लागत होता. आयतं खापर फोडायला डोकं मिळालं होतं. उद्या काहीही केलं तरी पाणी खारट निघणार आणि मुबीन अडकणार. तिनं फक्त तोंड मिटायचं होतं. या देशात तोंड मिटून बसणं यासारखं सोपं काम दुसरं नाही.

रविवारी वस्ती लोटली. ओढा सडत होता तेव्हा ज्यांना ओढ्याकडं बघायला सवड नव्हती, ते सगळे अंघोळ करून आले होते. सयाजीनं एका पोराच्या हातात मोबाइल देऊन शूटिंग लावलं होतं. मुबीन छातीवर हाताची घडी घालून उभा होता. त्याची बायको सबिहा शेडाच्या दाराआडनं बघत होती. कोरड्या बोअरावरचा दगड ढकलला, तेव्हा खालनं कोळ्याची जाळी निघाली. न वापरलेल्या भोकावर असतात तशी. रंभाबाईनं ती बघितली. बाकीच्यांनी बघितली नाहीत, त्यांना बघायची नव्हती.

पहिलं पोतं मीच ओतणार, असा बंदेनवाजनं हट्ट धरला. मोतीबिंदूचे डोळे बारीक करून तो पोत्याचं तोंड चाचपत होता. सुतळी सुटेना. त्या चाचपणाऱ्या बोटांकडं बघताना रंभाबाईच्या तोंडातनं शब्द निघाला. काढायचा नव्हता, निघाला.

"थांबा भावजी. माझं पाणी कालच खारट झालंय."

मग जो तो तिच्या बोअरकडं धावला. मोटर चालू झाली, ओंजळी भरल्या, थुंकले. खारट, खारट, असं एकानं दुसऱ्याला सांगितलं. रंभाबाई पुढं सांगत होती, चंद्रीनं पोतं कसं फाडलं, गोठा कसा धुतला, पाणी कुठनं गेलं. पण तिचं ऐकणार कोण? सयाजी मोबाइलकडं तोंड करून उभा राहिला.

"ऐकलं का?" तो म्हणाला. "आमी मीठ टाकायच्या आधीच पाणी खारट. रंगाच्या पाण्यात मीठ असतंय, असं चाचा सोता बोललेत. म्हंजे मीठ कुणाचं?"

लोक मुबीनकडं वळले. मुबीननं हाताची घडी सोडली. एकानं त्याची कॉलर धरली, दुसऱ्यानं शेडाचं कुलूप आणा म्हणून आरोळी दिली. रंभाबाईला कळलं की खरं बोलून तिनं मुबीनला सोडवलं नाही, पक्कं बांधून दिलं. तिनं गर्दीत घुसून कॉलर धरणाऱ्याच्या हातावर चापट मारली.

"मुबीन, तुझा रंग आण. सगळ्यात गडद असंल तो."

मुबीन हलला नाही. उद्या म्हणतील रंग माझाच होता, एवढंच तो बापाला म्हणाला. बंदेनवाजनं त्याला ढकललं. घमेल्यात गर्द निळा रंग कालवून त्यानं आणला. रंभाबाईनं ते घमेलं कुणाला हात लावू दिलं नाही. आपल्या गोठ्यात नेलं, म्हशींच्या पायाखाली फरशीवर उपडं केलं आणि पाइप सोडला. निळं पाणी शेण-मुतासकट उतारानं निघालं. खड्ड्यावर आलं, वाळूवर घुटमळलं, गायब झालं. पाटीवरचं "पाणी अडवा" वाचता येत होतं.

उत्कर्षा दारात उभी होती. तिनं पदर तोंडात कोंबला.

मग वाट बघणं. मोटर चालू होती, पाणी स्वच्छ येत होतं. कुणी तंबाखू मळली, कुणी म्हातारीला वेड लागलं म्हणाला. बंदेनवाज खड्ड्याशी बसून, वाळू उकरून केसिंगला हातानं चाचपत होता आणि जाळीखालची भोकं बोटाला लागली तेव्हा हसल्यासारखं करून म्हणाला, "जागा मीच दावली वैनी. नारळ माझ्याच हातावर उभा राहिला."

पाणी आधी आभाळी झालं, मग गडद. हौद निळा भरला. आता नाही म्हणायला कुणाला जागा नव्हती. रंभाबाईनं मोठ्यानं सांगितलं, माझ्याच गोठ्याचं पाणी हाय, माझ्याच जनावराच्या पोटात गेलंय, मुबीनचा यात काही संबंध न्हाय. लोकांनी ऐकलं. आणि लोकांना ते आवडलं नाही. मारायला कुणी उरलं नव्हतं. म्हातारीला मारून काय मिळणार? हळूहळू सगळे पांगले. मिठाची पोती सयाजीनं टेम्पोत परत भरली. रंभाबाईच्या पाया पडून गेला.

रात्रीतून व्हिडिओ सगळ्या सोलापुरात फिरला. त्यात घमेलं नव्हतं, गोठा नव्हता, खड्डा नव्हता, रंभाबाईचं बोलणं नव्हतं. होती फक्त मोटरची निळी धार, निळा हौद, कोपऱ्यात मुबीनच्या शेडाचा पत्रा आणि सयाजीचा आवाज: मीठ कुणाचं?

प्रदूषण खात्याच्या ज्या साहेबांना ओढ्याकाठची जांभळी झाडं इतकी वर्षं दिसली नव्हती, त्यांना ही निळी धार लगेच दिसली. सोमवारी गाडी आली, शेडाला सील लागलं. रंभाबाई साहेबाच्या पुढं आडवी गेली, हाताला धरून खड्ड्याशी नेऊ लागली. साहेबानं हात सोडवून घेतला. आजी, व्हिडिओत दिसतंय की सगळं, तुम्ही कुणाला भिऊ नका, म्हणाला. त्याच सकाळी उत्कर्षा भरलेले कॅन घेऊन तशीच परत आली. व्हिडिओ जुळे सोलापुरातही पोचला होता. निळ्या पाण्याच्या गोठ्यातलं दूध कुणाला हवंय? तिनं स्कूटी स्टँडला लावली, कॅन सासूच्या पुढ्यात उतरवले आणि आत गेली.

म्हशी हंबरत होत्या. हौद निळा. टँकरवाल्याला फोन लावला तर त्यानं दोन दिवसांनी बघू म्हणून सांगितलं. चंद्रीची कूस आत गेली होती. शेवटी रंभाबाईनं पाइपचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि कुंपणाला वळसा घालून गेली. शेडाच्या मागच्या खोलीत मुबीनचं घर होतं, तिथं त्यांचा दुसरा, चालू बोअर होता. बंदेनवाज बाजेवर पडून होता, उठला नाही. मुबीन वकिलाकडं गेला होता. दारात सबिहा आली.

रंभाबाईनं पाणी मागितलं. माझ्यासाठी न्हाय, जनावरांसाठी, म्हणाली.

सबिहानं मोटर चालू केली, स्टीलचा पेला धारेखाली धरला, काठोकाठ भरला आणि रंभाबाईच्या डोळ्यांत बघत घटाघटा पिऊन टाकला. मग पेला उपडा करून दाखवला.

"बघितलं का काकी? आता न्या."

तिनं पाइपचं तोंड मोटरला जोडून दिलं, चांगलं आवळून दिलं. दुसरं टोक रंभाबाईच्या हातात होतं, तिथं पाणी आलं. रंभाबाईच्या घशाला कोरड पडली होती. तिनं ओंजळ भरली, तोंडाशी नेली आणि प्यायच्या आधी नकळत वास घेतला.

सबिहा बघत होती.